हातमोज्याचा रंग

एकोणीस वर्षं मी या दुकानात पांढरा विकतोय.
पांढरा म्हणजे सतरा तऱ्हांचा पांढरा:
सायीचा, कापसाचा, अंड्याच्या टरफलाचा,
एक धुक्याचा, आणि त्याहून जरा महाग असलेलं दुसरं धुकं.
इथे वारांगरच्या किनाऱ्यावर
सूर्य नोव्हेंबरात जो बुडी मारतो
तो अर्धा जानेवारी गेल्याशिवाय तोंड दाखवत नाही.
बाहेर बर्फ, आत पांढरा,
आणि लोक नमुन्याचा कागद दिव्याखाली धरून
यात निळ्याची झाक आहे का, म्हणून माझ्याशी हुज्जत घालतात.

बोर्गहिल्ड आली ती डिसेंबरातल्या एका मंगळवारी.
दुपारचे बारा. रस्त्यावर दिवे.
पिशवीतून तिनं काढला
मासळीच्या कारखान्यातला रबरी हातमोजा,
एकच, डाव्या हाताचा,
आणि काउंटरवर ठेवला, अजून श्वास घेतोय अशा बेतानं.
"हा रंग."

नारिंगी.
डोळ्यांत बोट घालून बोलणारा.

"एकतीस वर्षं कॉड चिरले," ती म्हणाली.
"कारखाना बंद करताना त्यांनी घड्याळ दिलं.
ते चालत नाही.
पट्ट्यावर करडे मासे, खिडकीत काळोख,
सगळ्या पाळीत रंग म्हणून जेवढा होता
तेवढा माझ्याच हातात होता.
आणि हे मला कळलं कधी, तर घरी बसल्यावर."

रंग ओळखणाऱ्या यंत्राखाली मोजा धरला.
यंत्रानं तीनदा नकार दिला;
माशाचं तेल रबरात पार मुरलेलं.
शेवटी मीच अंदाजानं पिवळा घेतला, लाल घेतला,
आणि काळ्याच्या थेंबाकडे हात नेला.
"काळा कशाला?"
"थेंबभर लागतो. नाहीतर रंग ओरडतो."
"ओरडू दे की."
नाही घातला.

शिडी पोचवायला मीच गेलो.
सोफा खोलीच्या मध्ये, टीव्हीवर चादर,
आणि सोफ्यावर ओडवार, हलायचं नाही असं ठरवून बसलेला.
"हे घर आहे की बचाव नौका?
आपण काय बुडतोय?"
"एकच भिंत आहे, ओडवार," ती टेप चिकटवता चिकटवता म्हणाली,
"बाकीच्या तीन तुझ्या."

पहिला हात अगदीच वाईट दिसला.
गाजराचं सूप सांडल्यासारखा.
खालचा पांढरा जागोजागी डोकं वर काढत होता,
आणि ओडवारनं हूं केलं,
एवढ्या समाधानानं की मला राग आला.
ती रात्री जागली. दुसरा हात तिनं एकटीनंच दिला.

भिंतीला कान असतात म्हणतात.
हिला तोंड फुटलं होतं.
सकाळी (म्हणजे घड्याळातल्या सकाळी)
पेल्यातलं दूध जर्दाळूसारखं,
ओडवारचं टक्कल पिकलेलं,
आणि खिडकीला पडदा नाही, म्हणून
अंगणातल्या बर्फावरही एक उबदार चौकोन.
समोरच्या घरातली युरुन, जी नावाड्यांच्या शेडवरून
सहा वर्षं या घराशी बोलत नव्हती,
फावडं घेऊन रस्त्याच्या अलीकडे आली,
चौकोनाच्या कडेशी थांबली,
त्यात पाय घालावा की नाही,
आणि मग कडेकडेनंच बर्फ उपसत राहिली.
बोलली नाही. पण चौकोन तिनं मोडला नाही.

सूर्य आला त्या दिवशी ढग होते.
कुणालाच दिसला नाही.
दुकान मिटायच्या वेळी दार वाजलं;
ओडवार, टोपी कानांवर, नजर ब्रशांच्या खणाकडे.
"तो नंबर आहे का लिहिलेला?"
"नंबर नाही. अंदाज होता."
"मग अंदाजानं. अर्धा लिटर."
जरा थांबून,
"आणि काळा घालू नकोस.
तिला सांगू नकोस."

कशाला हवाय, मी विचारलं नाही.
डबा यंत्रात लावला. यंत्र थरथरू लागलं.
आम्ही दोघं ते थांबायची वाट पाहत
सतरा पांढऱ्यांकडे पाठ करून उभे राहिलो.