खालचा बाण

क्लाइपेदाच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
गेनोवाइते माऊसला हात लावत नाही.
मनगट दुखतं, म्हणते.
टाइपरायटरवर शिकलेली बोटं तिची:
टॅब, टॅब, खालचा बाण, खालचा बाण, एंटर,
आणि माणूस नोंदवून मोकळी.

वैवाहिक स्थितीच्या यादीत चारच ओळी.
अविवाहित. विवाहित. घटस्फोटित. विधवा.
हा क्रम कोणी लावला, कुणाला ठाऊक नाही.
मी नोकरीला लागलो तेव्हा तो होताच,
भिंतीतल्या पाइपांसारखा.
एका ओळीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही तिथे,
मधलीवर पाय ठेवावाच लागतो.

जानेवारीत स्तेफानिया उर्बुतिएने आली,
ओल्या बुटांनी, हातात आमचंच पत्र:
आपल्या घटस्फोटाची नोंद झाली आहे.
आडनाव बदलायचे असल्यास तीस दिवसांत कळवावे.
उर्बुतिएने म्हणजे उर्बुतिसची बायको,
आमच्याकडे नवरा आडनावाच्या शेपटीतच असतो.
तो बंदरात क्रेन चालवायचा.
नोव्हेंबरात गेला.

मला बोलावणं आलं. मी लॉग उघडला.
१०:१४:०७ विवाहित
१०:१४:०७ घटस्फोटित
१०:१४:०८ विधवा

गेनोवाइतेचं काही चुकलं नव्हतं.
यादीतली निळी पट्टी जरा सरकली
की यादी हाक मारते,
आणि माझा कोड प्रत्येक हाकेला ओ देत होता.
ओ दिली, नोंद केली, पत्र छापायला टाकलं.
बोट वाटेवरून जात होतं,
मी त्याला मुक्काम समजलो.

हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं, जमेल तसं.
म्हटलं, अर्धा सेकंदसुद्धा नाही.
म्हटलं, यंत्राला निवडणं आणि ओलांडणं यातला फरक
सांगावा लागतो, तो मी सांगितला नव्हता.
त्या पत्राची घडी घालत होत्या.
मग विचारलं,
घटस्फोट झालेल्या बाईचा नवरा
तुमच्या यंत्रात जिवंत असतो?

मी म्हटलं, हो. म्हणजे, असू शकतो.

म्हणजे तेवढा वेळ तो होता,
त्या म्हणाल्या. रागावून गेलेला.
श्विल्योईला बहिणीकडे राहिला असता,
तिच्या हातचं बीटचं सूप त्याला कधी आवडलं नाही.

पत्र परत घेण्याचा नियम आहे.
मी हात पुढे केला नाही.

संध्याकाळी दुरुस्ती केली. आठ ओळी.
हाका दोन प्रकारच्या असतात:
एक म्हणते, बदललं. दुसरी म्हणते, ठरलं.
आता मी फक्त दुसरीला ओ देतो,
यादी मिटल्यावर, एंटर दाबल्यावर.
एस्केप दाबलं तर जुनंच राहतं.
जुना अर्ज उघडताना मी स्वतः पट्टी हलवतो,
तेव्हाची हाक कानाआड करायला
कधीचीच एक खूण करून ठेवलेली होती.
स्वतःच्या हाताचा विचार केला होता मी,
दुसऱ्याच्या नव्हता.

एक खोटं नाव घालून तपासलं.
खाली. खाली. वर. खाली.
प्रिंटर गप्प.
घटस्फोटितवर पट्टी पाच मिनिटं ठेवून
कॉफी आणायला गेलो,
आलो तरी काही झालेलं नव्हतं.
लॉगमधल्या त्या तीन ओळी मात्र पुसता येत नाहीत,
आणि पुसता आल्या असत्या तर,
माहीत नाही.

सकाळी गेनोवाइतेनं विचारलं,
आता मी काय वेगळं करायचं?
काही नाही, म्हटलं. होतं तसंच.
तिनं मान हलवली, पुढचा अर्ज ओढला.
टॅब, टॅब, खालचा बाण,

इथे ती थांबली, चष्मा नीट केला,
आणि मगच

खालचा बाण.