दोन मात्रा जास्त

नव्व्याण्णवच्या उरुसात, परभणीला,
आकाशपाळण्याच्या भोंग्यातून ते पहिल्यांदा कानावर आलं:
'मीटर पळतंय, बोल की रं.'
एसटीडीच्या काचेआड एक पोरगी,
पलीकडून नुसता श्वास,
डोक्यावर लाल आकडे.
एवढंच गाणं.

मी तेव्हा कॉलेजात छंद आणि वृत्तं शिकवायचो,
रविवारी एका दैनिकाच्या पान चारवर
दीडशे रुपयांत मत द्यायचो.
लिहिलं: 'मीटरवरचं गाणं, आणि मीटरच चुकलेलं.
दुसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त.
गळा कच्चा, चाल उसनी.
पुढच्या उरुसापर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही.'
शेवटच्या वाक्यावर मी खूश होतो.
वसमत रोडनं स्कूटरवर घरी गेलो शीळ घालत.
कुठली, ते सांगत नाही.

पुढच्या उरुसात तीन कंपन्यांच्या कॅसेट होत्या,
त्यातल्या दोन चोरीच्या.
गाणारी कौसल्या वाव्हळ, सेलूची.
नानलपेठेतल्या एका खोलीत
भिंतींना गाद्या टेकवून गायली होती.
आठशे रुपये मिळाले, आणि एक टेबलफॅन.

मग ते कुणाच्याच हातात राहिलं नाही.
रज्जाक मास्तरांच्या बँडनं वरातीत घेतलं.
जिंतूरकडं कुणी त्यात देवीचं नाव बसवलं,
कुणी नगरपालिकेच्या उमेदवाराचं; तो पडला.
वीज मंडळाच्या दारात मोर्चानं तेच म्हटलं
जादा पळणाऱ्या मीटरांविरुद्ध,
आणि आतून लाइनमन टाळ्या वाजवायलेत,
हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्तरांना एकदा चहावर विचारलं,
त्या दोन मात्रांचं काय करता हो?
क्लॅरिनेट पुसत म्हणाले,
"काढून बघितल्या सर, एका लग्नात.
समदी पोरं अडखळली.
पाय वर, अन् खाली जमीनच न्हाई.
उडी तितंच हाय ना."
मी वहीत टिपून ठेवलं.
छापायला दिलं नाही.

बूथ गेले. काचा गेल्या. दैनिकही गेलं.
माझ्या नातीला वाटतं मीटर म्हणजे रिक्षाचं,
शेजारच्या पोराला वाटतं नळाचं.
पाठ दोघांनाही आहे.

गेल्या महिन्यात विद्यापीठातून फोन आला.
रोहिणी डोईफोडे, प्रबंध करतेय या गाण्यावर.
तिसरं प्रकरण: समकालीन समीक्षकांचा प्रतिसाद.
समीक्षक म्हणजे मी.
दुसऱ्या कुणी लिहिलंच नव्हतं.
तिनं माझं कात्रण मलाच वाचून दाखवलं
सावकाश, पूर्णविराम पाळत.
"सर, आज काय वाटतं?"

मी विचारलं, बाई कुठं असतात?
"मानवतला. अंगणवाडीत.
त्यांना तुमचं वाक्य सांगितलं, तर हसल्या.
म्हणाल्या, मात्रा-बित्रा काय न्हाई माय,
समोरचा बोलल म्हणून थांबले व्हते.
मशीनवाल्यानं पुसलं न्हाई."

त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.
"सर? आहात ना लाइनवर?"
फुकटचा फोन, कुठंच काही पळत नव्हतं.
तरी मला समोरच्या भिंतीवर
लाल आकडे दिसत होते.
"लिहा," म्हणालो, "मत बदललं."
"कारण काय लिहू?"
ते अजून तिला कळवायचं आहे.

पावणेसातला आमच्या गल्लीत घंटागाडी येते
तेच वाजवत.
ओला एकीकडं, सुका एकीकडं,
मी फाटकात उभा असतो बादल्या घेऊन.
पहिली ओळ जाते.
दुसरी येते.
बादली उचलतो, कठड्यापर्यंत नेतो,
थांबतो.
गाडीवरचा पोरगा हात पुढं करून तसाच.

मग ओततो.