राखीव

पासवर्ड बरोबर आहे.
कुलूप उघडतं, आत घेतात,
पण बस म्हणत नाही कुणी.

रात्रीचे पावणेदोन. कन्नमवार नगर, तिसरा मजला.
राउटर बंद केला, तीस मोजले, चालू केला.
लॅपटॉपनं चार हाका मारल्या,
मग आपला आपणच एक पत्ता ठरवला,
एकशे एकोणसत्तरवाला.
त्यावर काही येत नाही, जात नाही.

हसू आलं. माझ्या आधारवर
अजून लांजाच आहे.

हातानं पत्ता टाकून आत शिरलो, यादी उघडली.
सहाच जागा ठेवल्यात मालकांनी.
पाचवी राखीव: घुगरेचा फोन.

घुगरे शिमग्याला गेला तो गेलाच.
मोरीत त्याची बादली आहे अजून, आम्हीच वापरतो.

'काढू?' राउटरनं विचारलं.
हो म्हणायला
जरा वेळ लावला मी.