पांढरी पार्श्वभूमी

डिचोलीच्या बाजारात माझा स्टुडिओ:
एक स्टूल, दोन छत्र्या, मागं पांढरा पडदा.
रोज चार-पाच जण येतात पासपोर्टच्या फोटोला.
हनुवटी जरा वर, म्हणतो मी,
दात नकोत, कान दिसू देत.
परत कधी, ते मी विचारत नाही.

पुनवेला आणि अवसेला मात्र शटर ओढतो,
नार्व्याहून फेरीनं दिवाडीला जातो
आणि खाजनातल्या मानशीचा फोटो काढतो.
तीच जागा, तीच भरती.
तिपाईचे तीन खड्डे बांधावर आता कायमचे झालेत.
नऊ वर्षं.

पहिल्या फोटोत पाणी तिसऱ्या फळीला लागलंय.
दारापाशी इनास, लुंगी खोचून,
जाळ्यात सुंगटं, तोंडावर माझी चेष्टा:
या दारालाही पासपोर्ट हवा काय रे, पात्रांव?

दोनशेव्या फोटोत पाचवी फळी भिजलीय.
इनास नाही.
त्याचा मुलगा स्विंडनला, त्याचेही कान मीच नीट दाखवले होते.

मग एका अवसेला बांध फुटला.
कुणी म्हणालं कुर्ल्यांनी पोखरला,
कुणी म्हणालं बार्जांच्या लाटांनी,
कुणी म्हणालं समुद्रच चढतोय, बांध काय करणार.
मी लेन्स पुसत होतो.
फोटोत कारण येत नाही,
तारीख येते.

धक्क्यावर दोरी बांधून
कपड्यांच्या चिमट्यांनी सगळे फोटो टांगले.
फेरी येईस्तोवर लोकांना वेळ असतो.
लोक पाणी बघेनात.
ही लुसियाची छत्री.
हा आमचा टायगर, मेला बिचारा.
निवृत्त हेडमास्तर म्हणाले, फोकस छान आहे.
आधी राग आला. मग वाटलं,
ओळखीचं कुणी नसेल
तर नुसतं पाणी कोण कशाला बघेल?

इनासची मातिल्द आली, हातात बांगड्यांची पिशवी, मासळीची.
नवऱ्यापाशी थांबली नाही.
ओल्या फळीच्या रेघेवर नख ठेवलं
आणि दोरीबरोबर चालत गेली:
इथं.
मग इथं.
मग, हात वर करून, इथं.
शेवटच्या फोटोपाशी म्हणाली,
हा तुझा दुकानातला पडदा ना?
नाही, म्हटलं. हे तुमचं शेत.
कोरगुट कमरेएवढा असायचा तिथं
मीठ बसलं होतं, ढेकळाढेकळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

न विचारता तिनं फोटो काढून घेतला.
पिशवीत घातला नाही, वास लागेल म्हणून.

सोमवारी दुकानात आली.
मुलाला धाडायचाय. लहान कर,
पाकिटात मावेलसा, तुमचे ते असतात तेवढा.
पस्तीस बाय पंचेचाळीस.
पार्श्वभूमी बदलावी लागली नाही.

एका कागदावर आठ शेतं बसली.
कापताना मी कडा सांभाळल्या.
बांध कडेलाच असतो.