डावा दंड

तारामुंबरीच्या शाळेत, तिसरीच्या बाकावर
निकेत तांडेलने बाही वर केली
आणि तोंड खाडीकडे फिरवलं.
सुई मीच टोचली. दुसरा डोस.

तिसऱ्या रात्री छातीत दुखलं त्याच्या.
जाळं ओढताना दोर तळव्यात रुततो ना,
तसं, म्हणाला, पण आत.
ओरोसला ईसीजी काढला. हृदयाला सूज.
डॉक्टर म्हणाले, लाखात एखाद्याला होतं. उतरेल.

माझ्या रजिस्टरात चार हजार दोनशे नावं,
आणि तो एखादा
मी लहानपणी गोवराची लस दिलेला.

तीन महिने होडी नाही, धावणं नाही.
पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी सांधतो,
मधेच दोन बोटं मनगटावर ठेवून
मोजतो काहीतरी.

फॉर्म घेऊन गेले.
'कारण लस?' पुढे 'शक्य आहे' वर खूण केली होती,
पेन जरा जोरातच दाबून.
त्याची आई पेडवे साफ करत होती. वर पाहिलं नाही.
मग म्हणाली, "आणि माझो दुसरो डोस?
येत्या मंगळवारी मां?"

मंगळवारी आली. बाही वर केली.
दंडावर पेडव्याचं एक खवलं, वाळून चिकटलेलं.
ते काढायला मला
लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागला.