शेड गाइड

रामदासपेठेतली खुर्ची विकली तेव्हा
शेड गाइड तेवढं ठेवून घेतलं:
दातांचे सोळा पांढरे, एका पट्टीत.

आता नौतपा. कूलरला पाणी नाही.
समोरच्या गच्चीची चुन्याची भिंत
दुपारी बारा ते साडेबारा
कुठल्याच दाताशी जुळत नाही.

सिमेंट कालवायच्या स्पॅच्युलानं
पांढऱ्यात कणभर पिवळा, मग निळा,
पुसते.

काल नंदनवनहून ढेंगरेकाका आले जिने चढून,
गालाला हात लावून.
"डॉक्टरबाई, काऊन सोडलं जी?"
मी म्हटलं, आ करा.
खिडकीच्या उजेडात
त्यांची शेवटची दाढ पाहिली,
चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं.

आणि ते जिना उतरत होते तेव्हाच
तो रंग घाईघाईनं कालवला,
विसरायच्या आत.