फुगलेली फळी

माझ्या टेबलावर एक फळी आहे,
वीतभर लांब, एका कडेला पावासारखी फुगलेली.
कागद उडू नयेत म्हणून ठेवलीय, असं मी सांगते.
आमच्या कचेरीतला पंखा कागद उडवण्याइतका कधीच फिरत नाही.

पुरवणीचं सहावं पान माझं.
'ओट्याखाली', दर शनिवारी, दोन कॉलम:
ट्रॉलीचं माप, बिजागरीची जात, प्लायवूडवरचा शिक्का.
दोन वर्षांपूर्वी होटगी रोडच्या एका दुकानात
एसीत बसून पन्हं प्यायले
आणि लिहिलं, 'हा माल पाण्याला दाद देत नाही.'
एक थेंबही न टाकता लिहिलं.
वाक्य दुकानदाराचं होतं.
अवतरणचिन्हं तेवढी मी काढली होती.

राजेश्वरी गड्डमनं ते कापून ठेवलं, देवाच्या फोटोमागे.
सात वर्षांच्या विड्या वळून झालेले पैसे
तिनं त्या कपाटात घातले.
कुंभारीला तिच्या नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी.
म्हणून सिंकखाली पिंप असतं,
आणि पिंप पाझरतं.
मला हे माहीत नव्हतं असं नाही.
माझ्याही सिंकखाली पिंपच आहे.

ती आली तेव्हा फळी टॉवेलात गुंडाळलेली,
आजारी पोर आणावं तशी.
'अक्का, दाद देत नाही म्हनलीस,
ही तर घटाघटा प्यायली की.'
आवाज चढवला नाही.
चहाही नको म्हणाली.
'तुझ्या घरी बसवलीस का ही?'
नाही, म्हटलं.
'मग तसं लिहायचं होतंस.'

टॉवेल ती विसरून गेली.

कोनापुरे सरांनी दुरुस्तीसाठी जागा दाखवली:
अकरावं पान, तळाला, नाव बदलल्याच्या जाहिरातींखाली.
मी म्हटलं, चूक ज्या पानावर,
दुरुस्ती त्याच पानावर. त्याच टाइपात.
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
'त्यांची पाव पानाची जाहिरात आहे, बाई.'
मग स्वतःच लाल पेन उघडून
माझ्या मजकुरातला 'अनवधानाने' खोडला.
जाहिरात तीन महिने आली नाही.
त्या दिवाळीत बोनसचा विषय कुणी काढला नाही.

आता मल्लिनाथ सुतार दर प्रकारच्या फळीची चिंधोटी देतो.
मी ती बादलीत टाकते, तीन आठवडे.
आमच्या बोअरच्या पाण्यात, ज्यानं नळाची तोटीसुद्धा पांढरी पडते.
चव्वेचाळीस डिग्रीत गच्चीवर वाळवते, पुन्हा बुडवते.
ड्रॉवरवरच्या ओट्यावर खलबत्ता ठेवून शेंगाचटणी कुटते,
कारण इथल्या घरात ती कुटली जाणारच,
आणि बिजागरी कोणत्या दिवशी ढिली होते ते वहीत टिपते.
चहा कुणाचा प्यायले, तेही.
एका वाचकानं विचारलं, दमट भिंतीला कुठलं लॅमिनेट?
'मला ठाऊक नाही' एवढंच छापलं.
त्याचं उलटटपाली पत्र: 'मग पान कशाला अडवता?'
तेही छापलं.
सर म्हणतात, तुझ्या पानाचं कायमच भिजत घोंगडं.
हो, म्हणते मी. बादली दाखवते.

चैत्रात टॉवेल धुऊन, घडी घालून कुंभारीला गेले.
ओट्याखाली आता कडप्पा, दोन कप्पे,
पुढं चादरीच्या तुकड्याचा पडदा.
पडद्यावर मोर. मोराला पाण्याची फिकीर नाही.
हे मी तिला आधीच सुचवू शकले असते.
कडप्प्याची जाहिरात कुणी देत नाही.

राजेश्वरी सूप मांडीवर घेऊन बसली होती.
लेकीला नव्या घरात हवेत म्हणे
आवाज न करता मिटणारे ड्रॉवर.
'कुठले घेऊ, सांग.'
जीभ शिवशिवली. दोन नावं तोंडाशी आली होती.
'अजून भिजतायत,' म्हटलं.

तिनं पान वळवलं, दोरा आवळला,
मान वर न करता म्हणाली,
'भिजू दे.'